सोमवारची सकाळ

अमेरिकेतल्या युटामधून अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा जपानला येतो. नोकरीला नव्हे, धर्मप्रचाराला. मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाची ही सेवा मुलांसाठी दोन वर्षांची, बिनपगारी. खर्च बहुधा स्वतःचा नाहीतर घरच्यांचा. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. नुकत्याच शिकलेल्या भाषेत रस्त्यात माणसं थांबवायची, दारं ठोठवायची. जोडीदार नेमून दिलेला. त्याला सोडून कुठे जायचं नाही. म्हणजे एकटं रडायचीही सोय नाही!

आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा आणि घरच्या पत्राचा. फोन मात्र वर्षातून दोनदाच, नाताळात आणि मातृदिनी. फेब्रुवारी २०१९मध्ये पंथाने दर आठवड्याला फोनची मुभा दिली. बरंच झालं, असं आपण म्हणू. पण पत्रात ‘मी मजेत आहे’ लिहून सुटता येत होतं. व्हिडिओवर उतरलेला चेहरा आईला लपत नाही. आणि तिचाही त्याला.

जपानात सोमवारची सकाळ असते, तेव्हा युटात रविवारची संध्याकाळ. सगळं घर फोनभोवती बसलेलं असतं.