औषध पोचले, मूल पोचेल काय?

गोदाकाठच्या गंगाखेडात अंगणाअंगणांतून सदाफुली फुलते. पूजेच्या परडीपलीकडे तिची फारशी दखल कोणी घेत नाही. परंतु मूळच्या मादागास्करच्या या झुडपापासून १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीन हे औषध सिद्ध झाले आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही अपरिहार्य आहे. त्याही आधी, १९४८ साली, बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी या रोगाला काही काळ का होईना, प्रथमच मागे रेटले. त्यासाठी वापरलेले औषध डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या अमेरिकेतील संशोधनातून आले होते. ज्ञानाला सरहद्द नसते, हे या रोगापुरते तरी अक्षरशः खरे आहे. प्रश्न एवढाच की, ते ज्ञान गंगाखेडच्या मुलापर्यंत पोचते काय?

बालकांचा कर्करोग तसा विरळ. एका तालुक्यात वर्षाकाठी मोजकीच मुले त्याने ग्रासली जातात. जगभरात मात्र ही संख्या चार लाखांच्या घरात जाते. दोन उपचारांपैकी सरस कोणता हे ठरवावयाचे, तर शेकडो मुलांवरील अनुभव ताडून पाहावा लागतो आणि तेवढी मुले एका रुग्णालयाकडे अल्पावधीत येत नाहीत. म्हणून अनेक रुग्णालयांनी, अनेक देशांनी एकाच नियमाने उपचार करावयाचे आणि यशापयशाची नोंद एकत्र मांडावयाची, अशी पद्धत रूढ झाली. या शिस्तीच्या बळावर श्रीमंत देशांत ऐंशी टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्याही खाली आहे.

आपल्याकडे या सहकार्याचा पाया १९८४च्या सुमारास घातला गेला. तोवर मोठ्या रुग्णालयांतही या रोगाने पछाडलेली बहुसंख्य मुले दगावत असत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, मद्रासची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने ‘एमसीपी-८४१’ ही समान उपचारपद्धती स्वीकारली. तिकडून डॉ. इयन मॅग्राथ आणि मुंबईत डॉ. सुरेश अडवाणी हे या कामात अग्रभागी होते. पुढील काही वर्षांत निम्म्याच्या आसपास मुले वाचू लागली.

परंतु या प्रयोगाचे खरे मोल आणखी एका गोष्टीत आहे. औषधे तीच असूनही यश पाश्चात्त्य देशांइतके का नाही, याचा शोध त्यामुळे घेता आला. आपल्याकडील अनेक मुले रोग बळावल्यावर दाखल होत; उपचाराने प्रतिकारशक्ती खालावली की साध्या संसर्गाने दगावत; आणि कित्येकांचे उपचार मध्येच सुटत. म्हणजे परदेशातून नुस्खा आणता येतो, परिस्थिती आणता येत नाही. म्हणूनच पुढे भारतीय रुग्णालयांनी मिळून आपले प्रश्न आपणच विचारावयास आरंभ केला. २०१६ साली सुरू झालेल्या ‘आयसायकल’ या चाचणीतील एक प्रश्न असा की, कमी धोक्याच्या गटातील लहान मुलांना आरंभीचे स्टेरॉइड पाचऐवजी तीन आठवडे दिल्यास त्याचा अपाय कमी होतो काय?

गरिबांच्या मुलांवर परदेशी प्रयोग होतात, अशी शंका घेणारे आहेत. शंका अनाठायी नव्हे. संमतिपत्राखालील अंगठा आणि समजून दिलेली संमती यांत अंतर असते. म्हणून आईबापांना त्यांच्या मराठीत सारे सांगितलेच पाहिजे. तथापि ज्या मुलांची नोंदच होत नाही, त्यांच्या मृत्यूतून कोणीच काही शिकत नाही, हे त्याहून क्रूर आहे.

समजा, गंगाखेड तालुक्यातील एका ऊसतोड मजुराच्या मुलाला महिनाभर ताप आहे, चेहरा पांढुरका पडला आहे, अंगावर निळेकाळे डाग उठले आहेत. विषमज्वर समजून दिवस जातात. अखेर निदान होते आणि परभणीहून मुंबईची गाडी धरावी लागते. उपचार सुमारे दोन ते अडीच वर्षांचे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने रुग्णालयाच्या खर्चाचा भार हलका केला. पण बुडालेली मजुरी, गाडीभाडे आणि घरी ठेवलेली धाकटी भावंडे यांची तरतूद कोणी करावयाची? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा मिळतो, म्हणून कित्येक कुटुंबे टिकून राहतात. जेथे आसरा मिळत नाही, तेथे ताप उतरताच बाप मुलाला घेऊन गावी परततो. काही महिन्यांनी रोगही परततो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली संकल्प सोडला की, २०३० पर्यंत जगातील किमान साठ टक्के बालरुग्ण वाचावेत. तो जागतिक पातळीवर सुटला असला, तरी फळाला येईल तो तालुक्याच्या गावी. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मधल्या तपासण्या होऊ शकल्या, तर मुंबईच्या खेपा कमी होतील. दीर्घ ताप आणि पांढुरका चेहरा पाहून रक्त तपासण्याचा आग्रह धरणारा शिक्षक, दोन वर्षे मुलाचे नाव पटावर राखणारी शाळा, योजनेचा कागद अडवून न ठेवणारा लिपिक हेही या संशोधनाचे भागीदारच होत. सदाफुलीचे औषध मादागास्कर आणि अमेरिका ओलांडून मुंबईत पोचले आहे. गंगाखेडचे मूल तेथवर वेळेवर पोचावे आणि उपचार पुरे होईतो तेथे टिकावे, एवढे काम मात्र परदेशातील कोणी येऊन करणार नाही.