एंजिनाचा श्वास

मोटारीचे एंजिन इंधनाइतकेच हवेवर चालते. सिलिंडरात हवा अधिक शिरली, तर इंधनही अधिक जाळता येते व शक्ती वाढते. ही हवा आणणाऱ्या नळ्यांची केवळ लांबी बदलूनही हा लाभ साधता येतो.

झडप उघडून दट्ट्या खाली सरकला, की नळीत विरलतेची लहर उठते. ती ध्वनीच्या वेगाने उघड्या टोकाकडे धावते व तेथून दाबाची लहर होऊन परतते. झडप मिटण्यापूर्वी ती पोचली, तर जादा हवा आत लोटली जाते.

अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० साली आपल्या ‘३००-एफ’ मोटारीत सुमारे ३० इंच लांबीच्या नळ्या योजिल्या. तेवढे अंतर जाऊन येण्यास लहरीला सुमारे साडेचार सहस्रांश सेकंद लागतात. म्हणून मध्यम वेगात एंजिनाची ओढ वाढली. अतिवेगात मात्र झडप लौकर मिटते आणि लहर उशिरा पोचते. त्यासाठी दुसऱ्या प्रकारात नळ्यांची परिणामी लांबी १५ इंचांवर आणली गेली; तेथे मध्यम वेगातील ओढ घटली.

नळी बदलणाऱ्याने म्हणूनच आधी ठरविले पाहिजे, की बळ कोणत्या वेगाला हवे. पुढे अनेक एंजिनांत वेगानुसार नळीची लांबी बदलण्याची योजना आली, ती हाच पेच सोडविण्यासाठी.