डांबराखालची गाडी

आमच्या अण्णांनी १९७९ साली घेतलेली प्रीमिअर पद्मिनी गेल्या वर्षी मी दुरुस्तीला काढली, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं: निवृत्त माणसाला पैसे टिकत नाहीत. माझं म्हणणं साधं होतं. इंजिन चालतंय, काचा शाबूत आहेत, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा अजून हाताला ओळख देतो. मग राहिलं काय? वरून रंग, खालून डांबर आणि आतून आवाज बंद करण्याचं काहीतरी आधुनिक अस्तर. तीन आठवड्यांत गाडी दारात.

मिस्त्रींनी गाडी घोडीवर चढवली, स्वतः खाली आडवे झाले आणि हातातल्या पेचकसानं तळाला दोन-चार ठिकाणी टोचून पाहिलं. तिसऱ्या टोचणीला पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

“साहेब,” ते खालूनच म्हणाले, “इथे पत्रा नाही. नुसतं डांबर आहे.”

ज्यांनी जुनी गाडी कधी बाळगली नाही त्यांना यातलं गांभीर्य एकदम कळणार नाही. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली पोलादी सांगाडा असतो आणि त्यावर शरीर बसवलेलं असतं. पद्मिनीचं तसं नाही. ती मूळची फियाट ११००, इटलीत १९५३ साली आलेल्या घडणीची, आणि कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यात तिला पुढे पद्मिनी हे नाव मिळालं. या गाडीत वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ उंबरठे आणि छताचे खांब एकमेकांना जोडून जी पेटी होते, तीच गाडी. घराच्या भाषेत सांगायचं तर इथे फरशी हाच पाया. सुमारे ९०० किलोंचा संसार त्या पातळ पत्र्यावर उभा असतो. उंबरठा सडला की जॅक लावल्यावर गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच आत घुसतो.

आता हे डांबर तिथे कुणी फासलं, याचा हिशेब द्यायला हवा. तो माझ्याच खात्यावर निघतो.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस. अण्णा आणि आई तेव्हा कालिन्याला राहत आणि गाडी इमारतीखाली उभी असे. पाणी तिच्या बैठकींपर्यंत चढलं आणि ओसरलं तेव्हा आत बोटभर चिखल होता. मी नागपूरच्या शाखेत होतो. फोन लागायलाच तीन दिवस गेले. अण्णांचा आवाज शांत होता. म्हणाले, “इथला मेकॅनिक म्हणतो, सगळं आतलं सामान काढून महिनाभर सुकवायला हवी. खर्च जरा आहे. तू दोन दिवस येऊन बघतोस का?”

माझ्यापुढे तिमाहीचे आकडे होते. मी म्हटलं, “अण्णा, सव्वीस वर्षांची गाडी. तिच्यावर इतका खर्च कशाला? खालून डांबर मारून घ्या आणि मोकळे व्हा.” अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी वाद घातला नाही. आठवड्याभरात डांबर मारून झालं. गणपतीत मी गेलो तेव्हा गाडीचा तळ नव्या छत्रीसारखा काळाभोर चमकत होता.

त्यानंतर अण्णा अधूनमधून म्हणत, “गाडीला वास येतो रे.” मी म्हणायचो, “जुनी झाली की येणारच.” २०११ साली अण्णा गेले. आई माझ्याकडे पुण्याला आली, गाडीही आली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्री पांघरून बसली.

मिस्त्रींनी मला जो धडा दिला तो मी बँकेत आधीच शिकायला हवा होता. गंज धरायला लोखंडाला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. पत्रा कोरडा, स्वच्छ असेल तर डांबराचा थर त्या दोन्हींना बाहेर ठेवतो. पण ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर तोच थर दिला, की तो ओल आतच कोंडून ठेवतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जागा जास्त लागते. तो फुगतो, थर उचलतो. दरम्यान डांबर वयानुसार कडक होतं, त्याला भेगा पडतात आणि दर पावसाळ्यात त्या भेगांतून आणखी पाणी शिरून थराखाली पसरतं. बाहेरून मात्र सगळं काळं कुळकुळीत.

आम्ही १९८० च्या दशकात कर्जखाती अशीच चकचकीत ठेवत असू. हप्ता थकला की नवं कर्ज मंजूर करायचं आणि त्यातून जुनं फेडून घ्यायचं, वही स्वच्छ. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर, १९९२-९३ पासून, थकलेल्या खात्याला थकलेलं म्हणायची सक्ती झाली, तेव्हा कुठे खालचे पत्रे दिसले. शाखाशाखांतून त्या वर्षी जे चेहरे पाहिले, तसाच माझा चेहरा मिस्त्रींच्या गॅरेजात झाला असावा.

मग खरवडणं सुरू झालं. आधी पेट्रोलची टाकी उतरवली आणि आतला सगळा नमदा उचलला, कारण डांबर आणि नमदा या दोन्ही वस्तू वेल्डिंगच्या ठिणगीची वाटच पाहत असतात. गरम हवेच्या बंदुकीनं डांबर मऊ करायचं, पत्रीनं ओढायचं, उरलेलं रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं. गॅरेजातला पोरगा आणि मी असे नऊ दिवस हेच काम करत होतो. नमद्याखाली २००५ च्या चिखलाची वाळलेली पापडी निघाली. ती सुपलीत गोळा केली तेव्हा अण्णांचा तो शांत आवाज आठवला.

सडलेला पत्रा मिस्त्रींनी चांगला पत्रा लागेपर्यंत कापत नेला. वरून ठिगळ लावायला त्यांनी साफ नकार दिला, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये पुन्हा पाणी बसतं. उंबरठे नवे करताना दारांचे खांब हलू नयेत म्हणून आतून आडवे गज टेकवले. नाहीतर तळ नवा होतो आणि दारं लागत नाहीत. मग उरल्यासुरल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं औषध, त्यानंतर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सील करणारी लुकण आणि सगळं सुकल्यावर तळाला रबरमिश्रित जाड थर. चाकांच्या कमानींत तो जास्त जाड, कारण खडी तिथेच उडते. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम, हँडब्रेकची केबल आणि फिरता दांडा कागदानं झाकून ठेवले. पोकळ उंबरठ्यांत हा थर पोचत नाही. तिथे लांब नळीनं पातळ मेण फवारलं. उंबरठ्यांना आणि दारांच्या तळाला बारीक भोकं असतात. मला ती कारागिराची चूक वाटत होती. मिस्त्री म्हणाले, “साहेब, पाणी आत येणारच. त्याला जायला वाट ठेवायची.” प्रत्येक भोकात त्यांनी तार घालून पाहिली.

राहिला आवाजाचा प्रश्न. माझ्या मुलाचा आग्रह होता की आत टाचणी पडली तर ऐकू यावी. यावरही मिस्त्रींनी शिकवणी घेतली. त्यांनी मोकळ्या तळावर बोटाचं पेर आपटलं. पत्रा परातीसारखा वाजला. मग हातभर लांबीची, मागे अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्यूटाइल रबराची चकती मधोमध चिकटवून रोलरनं दाबली आणि पुन्हा पेर आपटलं. आता नुसतं ‘टप्’. पत्र्याचं थरथरणं रबरात जिरतं. त्यासाठी सगळा पत्रा मढवावा लागत नाही, मधला चौथा-तिसरा हिस्सा पुरतो. बाकी नुसतं वजन वाढतं. त्यावर फोम घातला तो बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा. जुना तागाचा नमदा आवाज शोषायचा खरा, पण त्याहून जास्त पाणी शोषायचा. आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो तारा-केबलींच्या भोकांना नवी रबरी बुचं आणि दारांना नवी रबरं बसवल्यानं. आवाजही पाण्यासारखाच फटीतून येतो.

तीन आठवड्यांचे सात महिने झाले. खर्चाचा आकडा घरातल्या शांततेसाठी इथे छापत नाही.

गाडी आली त्या रविवारी आईला पुढच्या सीटवर बसवलं. तिचं वय अठ्ठ्याऐंशी. अण्णा ऑफिसातून येताना कोपऱ्यावर गिअर बदलत, त्या आवाजावर ती चहाचं आधण ठेवायची, म्हणून ही शांतता तिला परकी वाटेल अशी मला धास्ती होती. मी कोपऱ्यावर गिअर बदलला. इंजिनाचा तो घोगरा सूर तसाच आला. गेला होता तो पत्र्याचा खडखडाट.

आईनं दीर्घ श्वास घेतला. मला वाटलं, तिला दम लागला.

“वास गेला रे,” ती म्हणाली. “ह्यांना फार त्रास व्हायचा त्याचा. तुला किती वेळा सांगितलं होतं त्यांनी.”

मी गाडी चालवत राहिलो. उत्तर असं काही नव्हतंच.

या पावसाळ्यात दर रविवारी सकाळी मी खाली जातो, रबरी मॅट उचलतो आणि तळावर हात फिरवून पाहतो. अजून तरी कोरडा लागतो. मग दाराखालच्या भोकांत तार घालतो आणि वर येऊन आईला तसं सांगतो.