रात्री हाताला मुंग्या का येतात?

कॉटन ग्रीनच्या माझ्या दवाखान्यात परवा एक तिशीचा तरुण आला. मध्यरात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते, अशी तक्रार. महिनाभर स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या खात होता.

कोणत्या बोटांना, असे विचारले. अंगठा, तर्जनी, मधले बोट. करंगळी मात्र मोकळी. यावरून रोगाचा पुष्कळसा अंदाज येतो. मनगटात हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. आत सूज आली की मज्जातंतू चेपतो. करंगळीचा मज्जातंतू या बोगद्यातून जात नाही, म्हणून ती सुटते. यालाच कार्पल टनेलचा विकार म्हणतात.

मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पण दोष लगेच संगणकाला देऊ नये. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण यांतही असेच होते. त्याचे रक्त तपासले, ते ठीक निघाले.

याचे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. नव्वदच्या दशकात ते माझ्याकडे खोकल्यासाठी येत. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजारात सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. तेव्हापासून मी रुग्णाला वार विचारतो. मुलालाही विचारले, "सुट्टीत काय होतं रे?" तो म्हणाला, "डॉक्टर, गणपतीला गावी होतो, तेव्हा काहीच त्रास नव्हता." मग लॅपटॉपच्या कडेवर मनगट टेकवून, वाकवून काम करतो हेही कळले.

इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी १७१३ सालीच लेखनिकांच्या दुखण्याची कारणे लिहून ठेवली होती: सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. शाईच्या जागी कळफलक आला, एवढाच फरक.

"आता बराचसा प्रोग्राम एआयच लिहून देते, मी तपासतो," असे तो म्हणाला. हाताला थोडा आराम, पण डोळ्यांना नाही. एकटक वाचताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांवर पाहावे. खिडकीतून समोरच्या चाळीकडे पाहिले तरी चालते!

त्याला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. लॅपटॉपखाली जाड पुस्तके ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणायला आणि वेगळा कळफलक घ्यायला सांगितले. गोळ्या बंद केल्या. रिकाम्या पोटी त्या घेत राहिल्यास जठराला व्रण होऊ शकतो.

हातातून कप निसटू लागला, शर्टाची बटणे लावता येईनात किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग बारीक दिसू लागला, तर मात्र पट्ट्यावर विसंबू नका. मज्जातंतू फार काळ चेपून राहिला तर शस्त्रक्रियेनंतरही हाताची ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. अशा वेळी हाडांच्या तज्ज्ञाला त्याच आठवड्यात हात दाखवावा. या मुलाला मी तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे.