पेटी न उघडता खात्री

एका बहिणीकडे गोट्यांच्या दोन बंद पिशव्या आहेत. दोन्हींत गोट्या सारख्याच आहेत, असे ती भावाला सांगते. किती ते मात्र सांगणार नाही. भावाचा तिच्यावर विश्वास नाही. पिशव्या न उघडता, आकडा न कळता त्याची खात्री कशी पटवायची?

बहिणीने दोन डबे घ्यावेत. समजा प्रत्येक पिशवीत 37 गोट्या आहेत. मग तिने प्रत्येक डब्यात आधीच गुपचूप 63 गोट्या टाकून ठेवाव्यात. कोणती पिशवी कोणत्या डब्यात रिकामी करायची, हे ऐन वेळी भावाने ठरवायचे. नंतर त्याने दोन्ही डबे मोजायचे. दोन्हींत बरोबर 100 भरल्या, तर पिशव्या सारख्या होत्या, आणि 37 हा आकडा त्याला कधीच कळला नाही. तिने लबाडी करून एका पिशवीत कमी गोट्या ठेवल्या, तर एका खेपेत ती निम्म्या वेळा पकडली जाईल. हाच खेळ नव्याने मांडून पाच वेळा केला, तर पाचही वेळा निभावण्याची शक्यता 32 पैकी 1 उरते.

पोरखेळ वाटणाऱ्या या युक्तीवर 2014 साली ‘नेचर’ या नियतकालिकात शोधनिबंध छापून आला. लेखक होते अलेक्झांडर ग्लेझर, बोआझ बराक आणि रॉबर्ट गोल्डस्टन. पिशव्यांच्या जागी त्यांच्या डोळ्यांसमोर अण्वस्त्रे होती.

अडचण खरी आहे. अमेरिका आणि रशिया यांच्यातले करार आजवर मुख्यतः क्षेपणास्त्रे, विमाने आणि पाणबुड्या मोजून चालले. 2010 च्या ‘न्यू स्टार्ट’ करारात तैनात अण्वस्त्रांची मर्यादा 1550 होती आणि वर्षाला 18 प्रत्यक्ष तपासण्यांची सोय होती. पण समोरची वस्तू खरोखर अणुबॉम्बच आहे का, हे आत डोकावून पाहायची मुभा कुणालाच नव्हती. बॉम्बची रचना हे प्रत्येक देशाचे सर्वांत मोठे गुपित. शिवाय ती तपासनिसाला दिसली, तर ज्ञान पसरू नये म्हणून केलेल्या करारानेच ते पसरेल. उद्या एखाद्या देशाने हजार बॉम्ब मोडीत काढतो म्हटले आणि हजार पोकळ नळकांडी पुढे केली, तर?

प्रिन्स्टन विद्यापीठात या कल्पनेचा प्रयोगही झाला. 2016 साली त्यावर निघालेल्या निबंधाचा पहिला लेखक सेबास्टियन फिलिप हा तेव्हा विद्यार्थीच होता. खरा बॉम्ब वापरण्याचा प्रश्नच नव्हता. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे वेगवेगळ्या रीतीने रचून त्यांच्यावर न्यूट्रॉनचा मारा केला. पलीकडे जे न्यूट्रॉन पोचले, ते संगणकाने मोजले नाहीत. खास जेलने भरलेल्या नळ्या ठेवल्या होत्या. न्यूट्रॉन आदळला की त्या जेलमध्ये डोळ्यांना दिसेल असा बुडबुडा उठतो. संगणक का नको? त्यात यजमानाने किंवा पाहुण्याने काही दडवून ठेवले नाही, हे सिद्ध करणे कठीण. बुडबुड्यांना कुणी शिकवून ठेवू शकत नाही.

या कामाला पैसा आला तो मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने 2014 मध्ये उभ्या राहिलेल्या विद्यापीठांच्या समूहातून. साऱ्हा पोझी या प्राध्यापिका त्याच्या प्रमुख होत्या. अमेरिकी सरकारने पाच वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर दिले. 2019 मध्ये मिशिगनच्याच नेतृत्वाखालील नव्या समूहाला तेवढीच रक्कम मिळाली. पैसा देणारे खाते तेच, ज्याच्याकडे अमेरिकेच्या स्वतःच्या अण्वस्त्रसाठ्याची देखभाल आहे! इतर देशांना तपासणीचे धडे देणाऱ्या बड्या राष्ट्रांच्या बॉम्बचे पोट मात्र आजवर कुणी तपासलेले नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. तरी पैसा कुठूनही आलेला असो, शिकणारी मुले जे शिकतात ते कामाचे आहे.

एकट्या विद्यापीठाला हे शिकवता येत नाही. वर्गाशेजारच्या प्रयोगशाळेत किलोकिलोने प्लुटोनियम नसते. म्हणून सरकारी प्रयोगशाळांशी जोडणी लागते: विद्यार्थी आपले उपकरण विद्यापीठात घडवतो आणि खऱ्या साहित्यावर पारखायला ते तिकडे घेऊन जातो. पोझी यांच्या गटाचे नाव आहे ते स्टिल्बिनसारख्या स्फटिकांच्या कामासाठी. किरण आदळला की हा स्फटिक क्षणभर चमकतो. ती चमक कशी विझते यावरून न्यूट्रॉन आला की गॅमा किरण, हे ओळखता येते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबात 8 किलो प्लुटोनियम म्हणजे एका बॉम्बपुरता माल. एवढासा माल मोठ्या कारखान्यातून हळूहळू सरकला, तर तो कळायला हवा. हे काम पुस्तक वाचून जमत नाही. हाताला सवय लागते, आणि सवय झालेली माणसे निवृत्त होत असतात.

आपल्या भागात काय? भारत आणि पाकिस्तान, दोघांनीही अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार मात्र दोघांनी 31 डिसेंबर 1988 रोजी केला आणि 1992 पासून दर 1 जानेवारीला केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. युद्धे, हल्ले, बंद पडलेली बोलणी या सगळ्यांतून ती परंपरा टिकली. याद्या खऱ्या की अपुऱ्या, हे तपासण्याची सोय त्यात नाही. 2006 मध्ये दोन्ही देशांच्या चार भौतिकशास्त्रज्ञांनी, म्हणजे झिया मियाँ, ए. एच. नय्यर, आर. राजारामन आणि एम. व्ही. रमणा यांनी, दक्षिण आशियातल्या बॉम्बयोग्य साहित्याचा हिशेब एकत्र मांडला. मियाँ प्रिन्स्टनच्या त्याच केंद्रातले, जिथे ग्लेझर काम करतात. सरकारे एका टेबलावर बसत नव्हती, तेव्हा चार अभ्यासक एकाच अहवालावर नाव घालू शकले.

ज्या घरात एखादी मुलगी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकी घेऊन बसली आहे, त्या घरासाठी एक माहिती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2020 मध्ये मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी यांच्या नावाने फक्त मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. अणुविषयक पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला 10,000 युरोपर्यंत फी आणि 10,000 युरोपर्यंत राहण्याचा खर्च मिळतो; पुढे उमेदवारीची संधीही असते. अण्वस्त्र प्रसारबंदी हा विषय त्यात धरलेला आहे. कायद्याच्या विद्यार्थिनींनाही वाट आहे, कारण अणुकायदाही यादीत आहे. भारत संस्थेचा सदस्य असल्याने आपल्या मुली अर्ज करू शकतात. त्यासाठी अशा अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेला असावा लागतो आणि गुण चांगले हवेत. त्यामुळे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची वाट न पाहता, दुसऱ्या वर्षापासूनच विद्यापीठे शोधायला लागावे.