शेवटच्या नळापर्यंत

टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, पाण्याच्या टाकीत थेट ओतायची नसते. आधी प्लास्टिकच्या बादलीत अर्धा किलो घेऊन लगदा करायचा, मग बादली भरून ढवळायची आणि जरा वेळ तशीच ठेवायची. चुना तळाशी बसतो; वरची निवळी तेवढी टाकीत. आमच्या गावची टाकी 1 लाख लिटरची. जलसुरक्षक नाना तोंडाला उपरणं गुंडाळून हे काम करतात आणि गोणी उघडली की आधी हुंगतात. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. गोणीचं तोंड दमट खोलीत उघडं राहिलं की तो उडून जातो. उरलेल्या चुन्यानं फार तर भिंती रंगवाव्यात.

अर्धा तास थांबून नाना व्हॉल्व्ह सोडतात आणि ओटीची (ऑर्थोटोलिडिनची) बाटली घेऊन निघतात. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. रंग मात्र लगेच बघायचा. नळी धरून गप्पा मारत बसलं, तर घाणीशी बांधला गेलेला कमजोर क्लोरीनही हळूहळू रंग देतो आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. त्या काही क्षणांत नाना कुणाच्या रामरामालाही उत्तर देत नाहीत.

पहिल्या आळीत झक्क पिवळा. तिथल्या काकूंची तक्रार तयारच होती. "नाना, चहाला औषधाचा वास येतोय. जरा कमी टाकत जावा की." वास आल्याची तक्रार ग्रामसभेपर्यंत जाते. वास न आल्याची आजवर कुणी केलेली नाही.

वस्तीच्या टोकाला पाणी नितळ होतं आणि नळीत रंगाचा मागमूस नव्हता. आमच्याकडे पाणी तासभर सुटतं. उरलेला दिवस पाइप रिकामे. पाणी ओसरताना आत ओढ तयार होते आणि सांध्यातल्या फटीतून बाहेरचं आत शिरतं. बाहेर काय असतं? गटार. खणायला सोपं म्हणून नळजोडण्या गटारातूनच नेलेल्या. आत शिरलेल्या घाणीवर क्लोरीन खर्ची पडतो. टाकीत पावडर वाढवली तर काकूंचा चहा आणखी बिघडेल, टोकाच्या घरांना भरवसा नाहीच.

पावसाळ्याआधी आणि नंतर गावोगावच्या पाण्याची पाहणी होते. गळती, व्हॉल्व्हचे खड्डे, पावडरीचा साठा बघून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आमचं हिरवं आहे.

नाना उलटे फिरले. घरामागून घर, प्रत्येक नळाला ओटी. रंग नाही, रंग नाही, मग एका नळाला फिकट, त्याच्या अलीकडे चांगला पिवळा. गळती या दोन नळांच्या मधेच असणार. भिंतीवर त्यांनी खडूनं फुली मारली, प्लंबरला फोन लावला आणि पुढच्या घरांना सांगत सुटले, दुरुस्ती होईस्तोवर पाणी उकळून प्या.

"अन् गॅसचं काय, पंचायत भरणार का?" एका वहिनींनी विचारलं.