मोकुमे-गानेच्या साखरपुड्याची अंगठी: कार्यशाळेतला एक दिवस

सकाळी ८. मोकुमे-गाने म्हणजे वेगवेगळ्या धातूंचे थर जोडून लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटवण्याची जपानी कला. टोकियोतल्या एखाद्या छोट्या कार्यशाळेचा दिवस भट्टी उघडण्याने सुरू होतो. आत रात्रभर निवलेली धातूची लादी असते. सोने, चांदी, पॅलेडियम यांचे वीस-पंचवीस पत्रे एकमेकांवर रचून, पोलादी पाट्यांमध्ये आवळून काल तापवलेले. कारागीर आधी लादीच्या कडा कानसतो आणि भिंगाखाली पाहतो. दोन थरांमध्ये केसाएवढी फट दिसली, तर ती बाजू कापून टाकायची.

सकाळी ९. उद्याची लादी रचायला घ्यायची. प्रत्येक पत्रा घासून, पुसून लख्ख करायचा. बोटाचा तेलकट डागही सांधा बिघडवतो. इथे डाग देत नाहीत, म्हणजे सांध्यात वितळणारा मिश्रधातू घालत नाहीत. दाब आणि उष्णता यांमुळे एका धातूचे अणू दुसऱ्यात शिरतात, त्यानेच थर जुळतात. उष्णतेला मर्यादा मात्र कडक. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ ला. पण दोन्ही एकमेकांना भिडलेली असली की ७७९ अंशांनाच सांधा पाझरू लागतो. त्यामुळे लादीत कोणते धातू आहेत हे पाहून भट्टीचा आकडा ठरतो आणि मग तासन्‌तास वाट पाहायची.

सकाळी ११. तपासलेली लादी ऐरणीवर येते. ठोकायची, ताठरली की तापवून नरम करायची, पुन्हा ठोकायची, मग रोलरमधून काढायची. घाई केली की कडेला चीर पडते.

दुपारी १. जेवण.

दुपारी २. आता नक्षी. ती वरून काढलेली नसते. पत्र्यात छिन्नीने किंवा ड्रिलने खड्डे करायचे, मग तो दाबून सपाट करायचा. खालचे थर वर येतात आणि लाकडाच्या रेषांसारखी वळणे उमटतात. दुसरी रीत म्हणजे चौकोनी कांबीला पीळ देऊन ती मधोमध चिरायची आणि चीर फाकवत कडे करायचे. अशा अंगठीला जोडच नसतो.

दुपारी ४. साखरपुडा ठरलेले जोडपे येते. काही जपानी कार्यशाळांत एकाच तुकड्यातून दोघांच्या अंगठ्या निघतात आणि नक्षी एकीवरून दुसरीवर चालत जाते. मुलीला हिरा हवा असतो. त्याचे कोंदण प्लॅटिनमचे, वेगळे घडवलेले. खडा सगळ्यात शेवटी बसतो.

संध्याकाळी ५. रंगाचे काम. मोकुमे-गानेची कला अकिताच्या सातके घराण्याच्या पदरी असलेल्या शोआमी देन्बेई (१६५१–१७२८) याच्या नावावर आहे. तेव्हा ती तलवारीच्या साजावर दिसे. तांब्यात थोडे सोने मिसळून केलेला शाकुदो रोकुशो नावाच्या द्रावणात उकळला की निळसर काळा होई. त्याआधी वस्तूला किसलेल्या मुळ्याचा रस लावत. १८७६ मध्ये मेइजी सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली आणि या साजाची मागणीच संपली.

तलवारीला जे शोभते ते बोटाला चालेलच असे नाही. घामाने तांबे हिरवे पडते आणि शाकुदोचा काळा रंग रोजच्या घासण्याने उडतो. म्हणून सोन्या-चांदीच्या अंगठीवर कारागीर नायट्रिक आम्ल वापरतो. चांदी थोडी खाल्ली जाते, सोने उंच राहते आणि नक्षी हाताला लागते.

संध्याकाळी ७. सकाळी रचलेली लादी भट्टीत जाते.

अशी अंगठी घ्यायची असेल, तर नक्षीवर भाळण्याआधी तीन गोष्टी विचारा: थरांत कोणते धातू आहेत, आतून एकाच धातूचे अस्तर आहे का, आणि पुढे माप बदलता येईल का. कापून जोड दिला की नक्षीची रेघ तुटते. म्हणून बोटाचे माप आधीच नीट घ्या.